कोणीतरी म्हणजे कोण?

प्रिय,

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आलेला, मी सकाळी वाचला आणि मग दिवसभरात अजून चार वेळा वाचला. टर्म अर्ध्याच्या वर संपली, मोठं काहीच झालं नाही, इंटर्नल्स बरे गेले पण बरे म्हणजे नुसतेच बरे, जिच्यावर डोळा ठेवून होतीस ती इंटर्नशिप दुसऱ्याच कुणाला मिळाली, आणि वर जो तो सांगतो की हेच सोन्याचे दिवस, पुढे आठवण काढशील, म्हणून तुला अपराधी वाटतंय की मग मला आत्ता काहीच का वाटत नाही. वही आणलीस, रोजचे छोटे आनंद लिहायचे म्हणून, सतरा दिवस लिहिलंस आणि सोडून दिलंस, कारण रोज तेच. आई-बाबा, तब्येत, मैत्रिणी. दुसऱ्या दिवशी परत आई-बाबा, तब्येत, मैत्रिणी. "हजेरी लावल्यासारखं वाटायला लागलं," असं लिहिलंयस.

ते वाचून मला बरं वाटलं. तुला खोटं टोचतं, म्हणजे तुझ्याशी खरं बोलता येईल. त्या वहीबद्दल मी तुला धीर वगैरे देणार नाहीये, ती वही तशी लिहिली तर कुणालाही कंटाळाच येईल.

पण एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये एक वाक्य तू घाईघाईत टाकलंस आणि पुढे निघून गेलीस, मी मात्र तिथेच अडकून बसलेय. "सबमिशनच्या दिवशी ताप होता, फाईल कोणीतरी जमा केली म्हणून वाचले." कोणीतरी! कोणीतरी म्हणजे कोण गं? तुझ्या टेबलावरून फाईल कोणी उचलली, पानं क्रमाने आहेत का ते कोणी बघितलं, ऑफिस बंद व्हायच्या आत जिने कोणी चढले? सतरा दिवस तू आई-बाबा, तब्येत, मैत्रिणी लिहीत होतीस आणि ज्या माणसाने तुझी टर्म वाचवली तो तुझ्या वहीत नाही, मेसेजमध्ये आहे तर तिथेही बिननावाचा.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि मी ते या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळलीस तरी. आनंद झाला की लगेच विचारायचं, कोणामुळे? नुसतं काय नाही. कोणामुळे.

मी हे इतक्या हट्टाने का सांगते ते ऐक. हॉस्टेलला आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि पिण्याच्या पाण्याचा कूलर तळमजल्यावर. माझी एक निळी बाटली होती, झाकणाला बारीक तडा गेलेली, कलंडली की गळायची. रात्री मी अभ्यासाला बसायचे आणि बाटली भरलेली असायची, टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात, भिंतीला टेकवून, खाली फडक्याची चौकोनी घडी, म्हणजे गळली तरी वह्या भिजू नयेत. सहा टर्म. म्हणजे तीन वर्षं. मी एकदाही विचारलं नाही ही भरते कोण. दाराच्या मागे कॅलेंडर टांगलं होतं, त्यावर लाल पेनाने रोज एक तारीख खोडायचे, अजून एकोणचाळीस राहिले, अजून अडतीस राहिले, जणू शिक्षाच भोगत होते. खोलीत दुसरी मुलगी होती, ती कधी झोपते कधी उठते याचाही मला पत्ता नसायचा.

कॉलेज संपलं, नोकरी लागली, नव्या गावात एकटीने खोली घेतली. पहिल्याच रात्री तहान लागून जाग आली, अंधारात हात सवयीने डावीकडे गेला, बाटली होती पण रिकामी. मी ती हातात धरून कितीतरी वेळ बसून होते. फडक्याची घडी आठवली मला. पाणी एखादा सहजही भरून ठेवतो गं, पण कोणाच्या वह्या भिजू नयेत म्हणून रोज फडकं घडी करून ठेवणं सहज होत नाही.

तिचं नाव इथे लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. पण माझ्याकडे ते लिहिलेलं आहे.

आणि एक, मी तेव्हा माजोरडी नव्हते. मला स्कॉलरशिप टिकवायची होती, टक्के घसरले असते तर शिक्षणच थांबलं असतं, घरून पैसे येणार नव्हते, मी सतत घाबरलेली असायचे आणि घाबरलेल्या माणसाला समोरचं पुस्तक सोडून काही दिसत नाही. हे कारण मी स्वतःला खूप वर्षं देत आले आणि ते खरंच आहे, आजही मी ते मागे घेत नाही. पण भीती तर तिलाही होती. तिची परीक्षाही त्याच तारखांना होती. तरी ती तीन जिने उतरून चढत होतीच ना. म्हणून "सध्या खूप टेन्शन आहे, टर्म संपली की बघू" असं तू म्हणू नकोस, निदान मला तरी म्हणू नकोस. टर्म संपली की बघायला तिथे कोणी नसतं, खोल्या रिकाम्या होतात आणि ज्याला सांगायचं तो बॅग घेऊन कधीच गेलेला असतो.

तिला पत्र लिहायला मला अकरा वर्षं लागली. तिचं उत्तर आलं. तिला बाटली आठवतच नव्हती! तिला आठवत होतं की मी तिला जिन्यावर बसून स्टॅटिस्टिक्स शिकवायचे, रोज लाईट जाईपर्यंत, आणि त्यामुळे तिचा तो विषय सुटला. हे मला अजिबात आठवत नाही, आजही नाही. दोघींनी एकमेकींसाठी केलेलं दोघीही विसरलो होतो आणि समोरचीने केलेलं तेवढं जपून होतो, मग सांगायला अकरा वर्षं का लागावीत? ती अकरा वर्षं आम्ही मैत्रिणी म्हणून काढू शकलो असतो. याचा मला राग येतो, स्वतःचाच, अजूनही.

आता तुझा दुसरा प्रश्न, जो तू शेवटी कंसात विचारलास पण खरा तोच आहे असं मला वाटतं. छोट्या गोष्टींत समाधान मानलं तर मोठं काही करायची भूक मरते का? नाही मरत. इंटर्नशिप मिळाली नाही याचं वाईट वाटू दे, पुढच्या वेळी परत अर्ज कर, जोर लावून कर. पण ती मिळाली असती तर सगळं बदललं असतं असं जे तुला वाटतं ना, त्याबद्दल एक सांगते. 1978 साली फिलिप ब्रिकमन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या 22 जणांना प्रश्न विचारले. ते बाकीच्यांपेक्षा फारसे सुखी नव्हतेच, पण माझ्या मनात राहिलं ते पुढचं. मैत्रिणीशी गप्पा, एखादा विनोद ऐकणं, कोणी कौतुक करणं, मासिक वाचणं, असल्या साध्या गोष्टींतून मिळणारा आनंद त्यांना इतरांपेक्षा कमी मिळत होता. मोठी गोष्ट आली आणि छोट्या गोष्टींची चव घेऊन गेली. म्हणून छोट्याची सवय आधी लावून ठेवायची, मोठं यायच्या आधी, आत्ता, याच टर्ममध्ये, जेव्हा तुझ्याकडे दुसरं काही नाही असं तुला वाटतंय.

वहीचं काय करायचं? वही ठेव, पद्धत बदल. मार्टिन सेलिगमन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये एक प्रयोग छापला, त्यात लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या झालेल्या गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या, आणि सहा महिन्यांनंतरही त्यांचं मन आधीपेक्षा बरं होतं, विशेषतः ज्यांनी आठवडा संपल्यावरही आपणहून लिहिणं चालू ठेवलं त्यांचं. हे बरेच जण सांगतात. जे सांगायचं राहून जातं ते असं की नुसत्या तीन गोष्टी नव्हत्या, प्रत्येक गोष्ट का घडली ते पण लिहायचं होतं. कारण! तू कारण लिहिलंच नाहीस. "मैत्रिणी" असं लिहिलं की त्याला कारण कुठून येणार, तो तर पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतला शब्द झाला. "आज व्हायवाच्या आधी कॉरिडॉरमध्ये हिने माझा हात धरला, कारण माझी बोटं थरथरताना तिला दिसली" असं लिही, मग बघ हजेरी लावल्यासारखं वाटतं का. लायब्ररीत खिडकीजवळची जागा मिळाली? कोणामुळे? कोणीतरी उठताना आपली पुस्तकं आवरून गेलं म्हणून. लेक्चर एकदम डोक्यात शिरलं? कोणामुळे? मागच्या बाकावरच्या त्या मुलाने सगळ्यांसमोर न लाजता "सर, परत सांगा" म्हटलं म्हणून. त्याच्या एका वाक्यावर अख्खा वर्ग पास होतो आणि वर त्यालाच हसतो, हे मी स्वतः पाहिलंय. रोज नाही जमलं तर रविवारी बस, चालेल मला. पण कारण आणि माणूस सोडायचा नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत ज्यांनी मला घेतलं त्यांनी पुढे दोन वर्षं माझं काम स्वतःच्या नावावर दाखवलं. मी बोलले तर मला ऐकवलं गेलं की संधी दिली त्याची जाणीव ठेव. मी सोडून गेले. अजूनही त्या वर्तुळात मला कृतघ्न म्हणतात, माझ्या कानावर येतं. मी कृतघ्न नव्हते. संधी त्यांच्यामुळे मिळाली हे मी तेव्हाही कबूल केलं होतं, तोंडावर, आणि काम माझ्यामुळे झालं हेही तोंडावरच सांगितलं. कोणामुळे हा प्रश्न दोन्हीकडून विचारायचा असतो. एखादे प्रोफेसर तुला छळत असतील किंवा ग्रुप प्रोजेक्टमध्ये सगळं तुझ्याच गळ्यात पडत असेल तर आभार मानत बसू नकोस, तिथे भांड. कृतज्ञता म्हणजे मान खाली घालून गप्प बसणं असं जे शिकवतात त्यांचा मला मनापासून संताप आहे, आणि तू माझं पत्र वाचून तसं काही शिकलीस तर मला फार वाईट वाटेल.

असो, मी माझ्यातच गेले. तुझ्याकडे येते.

तुला वाटेल त्या माणसाकडे जाऊन आता काय बोलायचं, ऑकवर्ड होईल, महिना झाला त्याला. सगळ्यांना असंच वाटतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी 2018 मध्ये हेच तपासलं होतं, लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि मग दोन्ही बाजूंना विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलेलं समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, प्रत्यक्षात तेवढं झालं नाही, आणि आनंद मात्र त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त झाला. लिहिणारे शब्द नीट जमतायत का याच चिंतेत, वाचणाऱ्यांना त्यातली माया भिडलेली. मला हे अकरा वर्षांआधी कोणी सांगितलं असतं तर!

भाषण नको करूस. नुसतं थँक्यू पण नको, थँक्यू आपण दार धरणाऱ्यालाही म्हणतो. काय केलंस ते सांग, त्याच्या पुढे काय झालं ते सांग, बस. "त्या दिवशी तू फाईल दिली नसतीस तर मला परत अख्खी टर्म द्यावी लागली असती." दोन मिनिटं लागतात गं. जिन्यात सांग, लॅबच्या बाहेर सांग, कुठेही सांग, पण सुट्टी लागायच्या आत.

तुझ्या टर्मचे किती आठवडे उरलेत, पाच? सहा? तारखा खोडत बसू नकोस. रविवारी रात्री मला वहीतलं पान पाठव, मी वाट बघेन, अक्षर कसंही असू दे, एकच गोष्ट असली तरी चालेल.

पण त्याआधी, आज, हे वाचून झाल्यावर, मला एका शब्दाचा मेसेज कर. फाईल कोणी जमा केली? माहीत नसेल तर ऑफिसमध्ये जा, सबमिशनच्या रजिस्टरवर सही असेल, बघून ये आणि कळव.

तुझी,
ताई