आइस हॉकी, फुटबॉल आणि गोल्फ, तिन्ही खेळांत देशाकडून खेळलेला कोणी आहे का?

आहे. स्वीडनचा स्वेन टुम्बा. मूळ आडनाव योहान्सन, पण स्वीडनमध्ये योहान्सन पैशाला पासरी. म्हणून ज्या टुम्बा गावात वाढला त्याचंच नाव त्याला चिकटलं आणि १९६५ मध्ये त्याने ते अधिकृतपणे लावलं.

खरी ओळख आइस हॉकीची. स्टॉकहोमच्या युरगोर्डन क्लबकडून आठ राष्ट्रीय विजेतेपदं, १९५३, १९५७ आणि १९६२ असे तीन विश्वविजय, चार ऑलिंपिक. त्यात १९५२ ला कांस्य, १९६४ ला रौप्य. १९५७ ची स्पर्धा मॉस्कोत होती. शेवटचा सामना सोव्हिएत संघाशी, लुझनिकीच्या उघड्या स्टेडियममध्ये, हजारो सोव्हिएत प्रेक्षकांसमोर. ४-४ बरोबरी झाली आणि गुणतक्त्यात पुढे असल्याने तेवढ्यावर स्वीडनने सुवर्ण नेलं! त्याच वर्षी तो बॉस्टन ब्रुइन्स या अमेरिकी व्यावसायिक संघाच्या सराव शिबिरात गेला. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या शिबिरात उतरलेला तो पहिला युरोपीय मानला जातो. पण व्यावसायिक करार केला असता तर ऑलिंपिकचं दार बंद, कारण तेव्हा तिथे फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश होता. म्हणून परतला. माझ्या मते शहाणपणाच केला.

फुटबॉलमध्ये राष्ट्रीय संघाकडून एकच सामना, पण १९५९ मध्ये युरगोर्डनच्या लीगविजेत्या संघात तो होता.

गोल्फकडे मात्र तो उशिरा वळला आणि तिथेही देशाकडून खेळला. स्टॉकहोमजवळचं उल्ना मैदान त्याच्याच आराखड्याचं. पुढे मॉस्कोतलं पहिलं गोल्फ मैदानही यानेच उभं केलं.