तीन औषधे बदलली तरी शेळीची दगडी, म्हणजे कासदाह, पुन्हा उलटते. जंतूंना औषधाची सवय झाली असेल का?

तुम्ही लिहिलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. दुसऱ्या वेताची उस्मानाबादी शेळी, व्याल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात उजव्या बाजूची कास सुजून कडक झाली आणि दुधात गुठळ्या येऊ लागल्या. दुकानातून आणलेली इंजेक्शने दोन दिवस दिली, उतार पडला म्हणून थांबवली, आणि पंधरा दिवसांत दुखणे उलटले. मग दुसरे औषध झाले, तिसरे झाले, आणि आता चौथे, ‘सर्वांत भारी’ औषध कोणते असे तुम्ही विचारता. शिवाय दूध घरात वापरावे की नाही, हेही विचारता.

मी सोलापूर भागात गेली वीस वर्षे जनावरांवर उपचार करतो. चौथ्या औषधाचे नाव मी देणार नाही, कारण पहिली तीन औषधे नेमक्या कोणत्या जंतूवर दिली गेली हे अजून कोणालाच ठाऊक नाही.

तुमची शंका निराधार नाही. शेळ्या-मेंढ्यांच्या कासदाहात बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस कुळातले जंतू सापडतात आणि त्यांच्यातील कित्येक वाण पेनिसिलीनला दाद देत नाहीत. हे जंतू एक विकर (एन्झाइम) तयार करतात आणि ते विकर पेनिसिलीनचा रेणू जंतूपर्यंत पोहोचण्याआधीच फोडून टाकते. ही क्षमता जनुकांतून पुढच्या पिढीत जाते, आणि काही वेळा शेजारच्या जंतूलाही मिळते. सवय शेळीला लागत नाही, तुमच्या हातालाही लागत नाही. औषधाच्या माऱ्यात दुबळे जंतू मरतात, तग धरणारे उरतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत तेच वाढतात. दोन दिवसांनी इंजेक्शन थांबवणे म्हणजे अशा उरलेल्यांना मोकळे रान देणे होय.

असे असले तरी औषध लागू न पडण्याचे कारण दर वेळी हेच असते, असे मानणे चुकीचे ठरेल. पुष्कळदा जंतू औषधाला बळी पडणारा असतो, पण औषध त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. रक्तातून दुधात जाताना प्रत्येक औषध सारख्या प्रमाणात उतरत नाही. जेंटामायसिन कासेत फारच थोडे पोहोचते, पेनिसिलीनही इंजेक्शनावाटे पुरेसे उतरत नाही, तर मॅक्रोलाइड गटातील औषधे तिथे चांगली साठतात. त्यातून स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू कासेत घट्ट गाठी करून त्यांच्या आत राहतो, इतकेच नव्हे तर त्याला गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या पोटातही जिवंत राहतो. त्यामुळे प्रयोगशाळेच्या बशीत मरणारा जंतू जुन्या, दगडासारख्या झालेल्या कासेत मरेलच असे नाही. शेळीचे शरीर अनेक औषधे गाईपेक्षा लवकर बाहेर टाकते, म्हणून गाईचा हिशेब वजनाने भागून काढलेली मात्रा शेळीला अपुरी पडू शकते. ती किती आणि किती दिवस द्यायची, हे दुकानदाराच्या अंदाजावर सोडण्यासारखे नाही.

शिवाय काही रोगकारक असे असतात की तुमच्या औषधांचा त्यांच्यावर मुळातच परिणाम होत नाही. माझ्या उमेदवारीच्या काळातला प्रसंग सांगतो. एका कळपात सहा शेळ्यांचे दूध आठवडाभरात आटत गेले. मी पेनिसिलीन दिले, नंतर महागडे सेफालोस्पोरिन दिले, आणि मालकाकडून दोन्हींचे पैसे खर्च करवले. शेवटी एका अनुभवी सहकाऱ्याला घेऊन गेलो. त्यांनी कासेला हात लावण्याआधी करडांचे गुडघे चाचपले, ते गरम आणि सुजलेले होते. दोन शेळ्यांच्या डोळ्यांत पांढरी साय धरली होती, ती मी पाहिली होती पण तिचा कासेशी संबंध जोडला नव्हता. तो मायकोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म जंतूचा आजार निघाला. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, आणि ही दोन्ही औषधे पेशीभित्तिकेवरच घाव घालतात. मी आठवडाभर नसलेल्या भिंतीवर हातोडा मारत होतो. त्याचप्रमाणे मळक्या नोझलने सडात ट्यूब सोडल्यामुळे बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि त्याच्यावर प्रतिजैविके जितकी द्याल तितका तो फोफावतो.

म्हणून आता करायचे ते असे. पुढचे कोणतेही इंजेक्शन देण्याआधी दुधाचा नमुना काढा. औषध चालू असताना घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढत नाहीत आणि निकाल फसवा येतो, म्हणून शेवटच्या मात्रेनंतर किती दिवस थांबायचे ते डॉक्टरांना विचारा. हात साबणाने धुवून कोरडे करा, सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने बोळा पांढरा राहीपर्यंत पुसा, पहिल्या तीन-चार धारा टाकून द्या, आणि निर्जंतुक बाटली आडवी धरून, तिच्या तोंडाला सड लागू न देता, चमचाभर दूध घ्या. लघवी तपासणीसाठी मिळणारी सीलबंद निर्जंतुक डबी चालते. दोन्ही बाजूंचे नमुने वेगळे घ्या, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. जवळच्या दवाखान्यातून नमुना कुठे जातो हे विचारून घ्या. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

तिथे जंतू बशीतल्या खाद्यावर पसरवून त्यावर औषधांच्या छोट्या गोल चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी एखाद्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते, म्हणजे तिथपर्यंत जंतू वाढू शकला नाही, आणि एखाद्या चकतीला जंतूची साय अगदी कडेपर्यंत भिडलेली असते. जंतू वाढवणे आणि ही चाचणी मिळून दोन-तीन दिवस जातात. स्टॅफिलोकोकस ऑरियस रोज सारख्या संख्येने दुधात येत नाही, त्यामुळे एक नमुना निर्दोष आला तर दुसरा पाठवावा. साबणासारखे द्रावण घालून दूध घट्ट होते का पाहण्याची चाचणी गाईसाठी उत्तम आहे. शेळीच्या निरोगी दुधातही पेशींचे तुकडे बरेच असतात, म्हणून एवढ्यावरच निदान करू नका. दोन्ही बाजूंच्या निकालातला फरक मात्र उपयोगी पडतो.

एक अपवाद. कास गरम असण्याऐवजी थंडगार लागली, कातडी निळी-काळी पडली आणि शेळी चारा सोडून बसली, तर नमुन्याच्या निकालाची वाट पाहू नका. हा कासेचा कोथ (गँगरीन, म्हणजे मांस मरणे) असतो आणि त्यात जीव वाचवण्यासाठी काही तासांत डॉक्टर यायला हवेत.

दुधाबद्दल माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. उकळल्याने जंतू मरतील, पण स्टॅफिलोकोकसने आधीच सोडलेले विष उकळीनेही नष्ट होत नाही, आणि अनेक औषधांचे अंशही तसेच राहतात. ‘दही लागले नाही’ अशी तक्रार अशा दुधाबाबत घरोघरी ऐकू येते. विरजणातले उपयोगी जंतूच औषधाने मरतात, त्याला तुमचे विरजण काय करणार? हे दूध करडांनाही पाजू नका, कारण त्यांच्या आतड्यातही दुबळे जंतू मरून तग धरणारे उरण्याचा तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. औषधाच्या वेष्टनावरचा सुरक्षित कालावधी, म्हणजे शेवटच्या मात्रेनंतर दूध वापरायचे नाही तो काळ, बहुधा गाईसाठी लिहिलेला असतो; शेळीसाठी तो वाढवून घ्यावा लागतो, आणि किती ते डॉक्टरांनी लेखी द्यावे. ‘भारी’ औषधांबद्दल एवढेच सांगतो की सेफ्ट्रायॅक्सोन आणि एन्रोफ्लॉक्सासिन ज्या गटांत मोडतात, तेच गट माणसाच्या गंभीर आजारांत लागतात. कोलिस्टिन तर भारत सरकारने अन्न देणाऱ्या जनावरांत २०१९ साली बंदच केले.

शेजारच्या मेंढपाळांबद्दलही तुम्ही विचारले आहे. मेंढ्यांच्या कळपात मॅनहायमिया नावाचा जंतू कोकरांच्या घशात असतो आणि पोट न भरलेले कोकरू दुसऱ्या मेंढीला चोरून पिते तेव्हा तो एका कासेतून दुसऱ्या कासेत जातो. कोकरांच्या तोंडाला मावा (ओठांवर फोड-खपल्या आणणारा विषाणूचा रोग) झाला असेल तर सडांवर खपल्या येतात आणि त्या भेगांतून जंतूंना वाट मिळते. वाघरीत (मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या कुंपणात) कोरडी जागा आणि जुळी पिणाऱ्या मेंढीला पुरेसा खुराक, यांनी बरेच काही टळते.

तुमच्या शेळीची धार तोपर्यंत सर्वांत शेवटी, वेगळ्या भांड्यात काढा, ते दूध खड्ड्यात ओता, आणि तिची करडे दुसऱ्या दुधावर वाढवा. अहवालात ऑरियस आला आणि कासेतली गाठ बोटांना सुपारीसारखी लागत असेल, तर ती बाजू बहुधा गेली. चौथ्या औषधात पैसे घालण्याऐवजी निरोगी बाजूवर ती एक करडू वाढवू शकेल का ते डॉक्टरांबरोबर पाहा. नाहीतर पुढच्या वेताआधी तिला कळपातून काढा, आणि विकताना शेवटच्या इंजेक्शनची तारीख घेणाऱ्याला सांगा.