छोट्या बोर्डवरील लिनक्ससाठी शेल स्क्रिप्टलाच इनिट म्हणून वापरणे योग्य आहे का?

प्रश्नकर्त्याला ६४ एमबी रॅमच्या बोर्डवर एकच प्रोग्रॅम चालवायचा आहे आणि सिस्टमडी टाळून स्क्रिप्टने चालणारा हलका इनिट कोणता घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे. इनिट म्हणजे कर्नलने सर्वांत आधी सुरू केलेला आणि बाकी सारे सुरू करणारा प्रोग्रॅम; सिस्टमडी हा मोठ्या लिनक्समध्ये सर्रास दिसणारा, सेवा सांभाळणारा इनिट. बिझीबॉक्सचा (लिनक्सच्या नेहमीच्या आज्ञा एकाच छोट्या प्रोग्रॅममध्ये देणारा संच) इनिट घ्या आणि आपले काम त्याच्या आरसीएस, म्हणजे बूट होताना चालणाऱ्या, स्क्रिप्टमध्ये लिहा. तेही नको असेल तर ॲश या छोट्या शेलची एकच स्क्रिप्ट पीआयडी १ म्हणून, म्हणजे इनिटच्या जागी पहिली प्रोसेस म्हणून, चालवा. "स्क्रिप्ट प्रॉडक्टमध्ये शोभत नाही" हे मत पुण्यातल्या मिटिंगांमध्ये मी वारंवार ऐकले आहे आणि मला ते साफ चुकीचे वाटते.

भोसरी एमआयडीसीतील एका कंपनीत आम्ही कॉम्प्रेसरचा दाब आणि तापमान नोंदवणारे उपकरण बनवत होतो. बोर्ड आतील फ्लॅशवरून बूट होई आणि नोंदी एसडी कार्डावर जात. वरिष्ठांच्या आग्रहाने पहिल्या आवृत्तीत सिस्टमडी घातले गेले आणि नेटवर्क तयार झाल्यावरच नोंदणीचा प्रोग्रॅम सुरू व्हावा, अशी अट जोडली गेली. चाकणच्या एका कारखान्यात वीज जाऊन आली की तिथला नेटवर्क स्विच उठायला वेळ लागे. नेटवर्कची वाट पाहणारी सिस्टमडीची सेवा मूळ सेटिंगनुसार १२० सेकंदांपर्यंत थांबते, आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होतानाच्या, म्हणजे ग्राहकाला नेमक्या हव्या असलेल्या, नोंदी त्या वेळात हातच्या जात.

मी त्याऐवजी स्क्रिप्ट लिहिली. प्रॉक, सिस आणि डेव्हटीएमपीएफएस (कर्नल आणि उपकरणे फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फाइल सिस्टम) माउंट करायचे, वॉचडॉग (बोर्ड अडकला तर तो रीबूट करणारा टायमर) सुरू करायचा, एसडी कार्ड दिसेपर्यंत थांबायचे, मग प्रोग्रॅम चालवायचा आणि तो पडला की पुन्हा उठवायचा. नेटवर्कचे काम वेगळे, मागाहून. प्रत्येक टप्प्याआधी कन्सोलवर एक ओळ छापायची. वरिष्ठांनी भर मिटिंगमध्ये "हा कॉलेजचा प्रोजेक्ट झाला" म्हणून ती बाजूला सारली, पण ग्राहकाच्या तगाद्यामुळे अखेर तीच बसवावी लागली. पुढे त्याच कारखान्यातून एक पेटी बंद पडल्याचा फोन आला. मेंटेनन्सच्या काकांनी लॅपटॉपला सिरियल केबल लावली, मी सांगितल्याप्रमाणे ११५२०० बॉड हा वेग निवडला आणि पडद्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवली: कार्डाची वाट पाहत असल्याची. कार्ड काढून, पुसून पुन्हा बसवायला सांगितले आणि फोन चालू असतानाच पुढची ओळ उमटली. ज्या माणसाने आयुष्यात लिनक्स हाताळले नव्हते, त्याला बूट कुठे अडले ते जागेवर कळले. माझ्या लेखी स्क्रिप्टच्या बाजूने याहून मोठा मुद्दा नाही, मेमरीची बचत त्यानंतर येते.

काही पथ्ये मात्र पाळावीच लागतात. पीआयडी १ संपली की कर्नल पॅनिक होतो, म्हणजे सारी सिस्टम थांबते, म्हणून त्या स्क्रिप्टमध्ये 'सेट -ई' (एखादी आज्ञा फसली की स्क्रिप्ट संपवणारी सूचना) कधीही लिहू नका आणि कर्नलच्या कमांड लाइनवर 'पॅनिक=१०' ठेवा, म्हणजे दहा सेकंदांनी बोर्ड आपोआप रीबूट होईल. पॅनिकच्या ओळीत एक्झिट कोड ७एफ०० दिसला तर शेलने १२७ परत केला आहे, म्हणजे एखादी आज्ञा सापडलेली नाही. फाइल जागेवर असूनही 'एरर -२' (फाइल सापडली नाही) येत असेल तर पहिल्या ओळीतला शेलचा पत्ता तपासा. विंडोजवर संपादित केलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे न दिसणारे अक्षर राहते आणि कर्नल त्या चिकटलेल्या अक्षरासकट शेल शोधतो. पीआयडी १ ने हँडलर न लावलेले सिग्नल तिच्यावर परिणाम करत नाहीत, आणि बिझीबॉक्सची साधी रीबूट आज्ञा इनिटला सिगटर्म हा सिग्नल पाठवून काम करते. म्हणून स्क्रिप्टमध्ये ट्रॅप (सिग्नल आल्यावर काय करायचे ते ठरवणारी शेलची आज्ञा) नसेल तर बोर्ड ढिम्म हलणार नाही. अनाथ झालेल्या प्रोसेसही पीआयडी १ च्याच पदरात येतात, तेव्हा शेल सतत 'वेट' करत राहील, म्हणजे संपलेल्या प्रोसेसची दखल घेत राहील, अशी रचना ठेवा.

न्यायाने सांगायचे तर आमच्या प्रकरणात दोष सिस्टमडीचा नव्हता, त्याला जोडलेल्या अटीचा होता. एकमेकींवर अवलंबून असलेल्या बऱ्याच सेवा असतील किंवा प्रत्येकीच्या मेमरीवर मर्यादा घालायची असेल, तर सिस्टमडी घ्यावे. सेवा मोजक्या असूनही देखरेख काटेकोर हवी असेल तर रनिट किंवा एस६ ही सेवांवर देखरेख ठेवणारी छोटी साधने पाहावीत.

पण एकाच प्रोग्रॅमच्या पेटीसाठी स्क्रिप्टला कमी लेखणाऱ्यांनी निदान बिल्डरूट हे छोट्या बोर्डांसाठी लिनक्स तयार करणारे साधन उघडून पाहावे. तिथे मुळात निवडलेला इनिट बिझीबॉक्सचाच असतो, आणि त्याची आरसीएस ही 'एस' ने सुरू होणाऱ्या स्क्रिप्ट क्रमाने चालवणारी एक साधी शेल स्क्रिप्टच आहे.