देवबागला पहिल्या सीझनला डॉल्फिन दाखवायला होडी काढतोयस, म्हणून सांगतो

डॉल्फिनच्या पाठीचं कुबड दिसलं की पर्यटक ओरडतील, "जवळ घ्या!" घेऊ नकोस. आपल्याकडचे हे कुबडवाले डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहतात. खोल समुद्रात ते सहसा जात नाहीत. म्हणून चार होड्यांनी घेरलं की बिचारे अडकतात.

मी किमान ५० मीटर सोडतो. थेट अंगावर जायचं नाही, मागेही लागायचं नाही. बाजूने, त्यांच्याच दिशेने सावकाश. मग इंजिन न्यूट्रल. स्वतःहून आले तर इंजिनाचा पंखा फिरता नको, बस्स. त्यांचं शिकार शोधणं, एकमेकांना हाका मारणं सगळं आवाजावर चालतं, आणि आपलं आउटबोर्ड इंजिन त्यातच बोंबलतं.

डुबकी लांबली, दिशा सारखी बदलायला लागले, पिल्लाला आईने पलीकडच्या बाजूला घेतलं, की समज, कंटाळलेत. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वळव. आधीच दोन होड्या असतील तर लांबच थांब.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे त्यांना, त्यांना हाकणं, अडकवणं हीसुद्धा कायद्याने शिकारच. आणि डॉल्फिन दिसलेच पाहिजेत अशी हमी देऊन तिकीट फाडू नकोस. पहिल्या वर्षी मी दिली होती. दीड तास नुसतं इंधन जाळलं, वर गिऱ्हाइकाच्या शिव्या.