पाच महिन्यांच्या रजेनंतर त्याच शाळेत रुजू व्हायचंय, पण पाय उचलत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पट 40 वरून 19 वर आलेला, जोडीदार शिक्षक बदलून गेलेले, सोमवारी रुजू व्हायचंय आणि खिशात राजीनाम्याचा अर्ज लिहून तयार आहे.

आधी त्या अर्जाचं. राजीनामा दिला की पेन्शनसाठीची मागची सेवा बुडते. 20 वर्षं भरली असतील तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. नोव्हेंबर 2005 नंतर लागला असाल तर पेन्शनची पद्धतच वेगळी, त्यामुळे हिशेबही वेगळा. काहीही असो, रजेवरून आल्या आल्या असले निर्णय घेऊ नका. आणि रात्र रात्र झोप लागत नसेल तर आधी डॉक्टरकडे जा. ते नुसतं रेटून नेण्यातलं नाही.

माझी शाळा बीड जिल्ह्यात, वस्तीवर. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि वर्ग ओस पडतात. वर ऑनलाइन माहित्या, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, दुपारी चारला येणारा 'आजच सादर करा'चा मेसेज. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बाहेरच्या कामाला लावू नका. पण त्या 'निवडणूक' शब्दात वर्षभराची मतदार यादी आरामात मावते! मी रजा टाकली तेव्हा दुखणं निम्मं पाठीचं होतं, निम्मं याचं.

फेब्रुवारीत परत गेलो. तंदुरुस्तीचा दाखला आणि रुजू अहवाल पिशवीत. खुर्चीत टेकतोय तोच खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारात.

"गुरुजी, आज कितीचा टाकू?"

पहिली ते पाचवीला पोरामागे 100 ग्रॅम तांदूळ. मी पट बघून म्हणालो, "चोवीस."

"चोवीस कुठली? अकराच्या वर तांदूळ शिजला नाही महिनाभर."

मग उंबऱ्यावर बसून त्यांनी एकेक नाव घेतलं. दहा पोरं कारखान्यावर. तिघं गावातच, पण येत नाहीत. एक शेळ्यांमागे, एकाला बापाने हॉटेलात बसवलेला, आणि तिसरीतली एक मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी. तीन वर्षं मी इतके तक्ते भरले, पण असा तक्ता कुणी मागितला नव्हता.

त्या दिवशी पोर्टल उघडलंच नाही. संध्याकाळी त्या मुलीच्या घरी गेलो. आजी म्हणाली, "लेकराकडं कोण बघंल?" म्हटलं, त्यालाही पाठवा. दुसऱ्या दिवशी ती भावाला काखेत घेऊन आली. तो पहिले आठ दिवस खडू खायचा. तिला काना वाचता यायचा, वेलांटी आली की गाडी अडायची. म्हणून आजचा आहार फळ्यावर लिहायचं काम तिला दिलं. पहिल्या दिवशी 'खचडी' लिहिलं. मावशींना वाचता येत नाही, पण त्याही फळ्यासमोर उभ्या राहून बघायच्या. वेलांटी यायला जवळजवळ महिना गेला.

शेळ्यांमागचा पोरगा आठवड्यातून तीन दिवस यायला लागला. हॉटेलातला आला नाही, बापाने मला सरळ वाटेला लावलं. पट काही वाढला नाही, उलट जूनमध्ये आणखी दोघं इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये चढली. त्याचं वाईट वाटतं अजून. पण सकाळी शाळेकडे जाताना पोटात जो गोळा यायचा, तो यायचा बंद झाला, का ते मलाही नीट सांगता येणार नाही. बहुतेक समोर पटाचा आकडा नसून दोन-तीन ठरावीक तोंडं असायची म्हणून.

तेव्हा सोमवारी जरा लवकर जा, मावशी तांदूळ निवडत असतील तेव्हाच. हजेरीपट, संगणक दुपारनंतर. तुमच्या एकोणीसपैकी किती जणांचा तांदूळ शिजतो, तेवढं त्यांना विचारा. चहा मात्र तुम्ही घेऊन जा.