प्रत्येक ओळीला मुहूर्त

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

यादी मिळाली. १००१ दिवसांत १०१ गोष्टी करायच्या, आणि ६४व्या ओळीला पेन थांबलं. उरलेल्या ३७ कुठून आणू, असं विचारतेस. आणू नकोस! आहेत त्यातल्याही वीस ओळी तुझ्या नाहीत, रील्स बघून उतरवलेल्या आहेत, त्या खोड. १०१ चा आकडा फक्त ऐकायला गोड. भागाकार केलास तर एका गोष्टीला दहा दिवसही येत नाहीत.

राहिल्या ४४. आता वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलेली मुदत विसर आणि प्रत्येक ओळीसमोर मुहूर्त लिही. मुहूर्त म्हणजे पहिलं काम करायचा दिवस. ‘पोहायला शिकणे’ हे काम नव्हे. ‘तलावावर जाऊन सकाळच्या बॅचची फी विचारणे’ हे काम. ते एका बैठकीत, कुणाच्या परवानगीशिवाय उरकता यायला हवं. तसं पहिलं काम सुचत नसेल तर ओळ अजून कच्ची आहे. ‘फिट राहणे’ला मुहूर्त लागत नाही, कारण ते कधी झालं हेच ठरत नाही; ‘न थांबता १० किलोमीटर धावणे’ला लागतो. ‘प्रमोशन मिळणे’ साहेबांच्या हातात आहे, ते तुझ्या वहीत कशाला?

१००१ दिवस म्हणजे बरोबर १४३ आठवडे, म्हणजेच १३ आठवड्यांचे ११ हप्ते. हप्त्याला चार ओळी. पहिल्या चारांना वार आणि तारीख, बाकीच्यांना तूर्त महिना पुरे. हप्ता संपला की तासभर वही घेऊन बस आणि पुढच्या चारांच्या तारखा पक्क्या कर.

ऋतूंचा हिशेब मात्र आधीच हवा. १ जानेवारीला सुरुवात केलीस तर सप्टेंबरअखेर तीन पावसाळे हाती येतात. दसऱ्याला केलीस तर पूर्ण असे दोनच. काजवे मेअखेर ते पहिले पाऊस एवढेच दिवस दिसतात, कासची फुलं साधारण ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरभर. मुन्नारची नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते, २०१८ नंतर थेट २०३०. तुझे दिवस तिथवर पोचत नसतील तर ती ओळ काढ, हळहळू नकोस. आळंदी ते पंढरपूर चालायचं तर जवळपास तीन आठवड्यांची रजा लागते. पालखीचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला, पण तुझा मुहूर्त फेब्रुवारीतला: रजेचं बोलणं आणि रोजचं चालणं.

रोज करायच्या गोष्टी तू आठ लिहिल्यास. प्रत्येकी वीस मिनिटं धरली तरी दोन तास चाळीस मिनिटं होतात. नोकरी, लोकलचा प्रवास आणि वर हे? एका वेळी दोनच ठेव. मोडी लिपी शिकायला घ्यायची तर तिच्यासोबत दुसरी एखादी सोपी. अक्षरं लवकर ओळखू येतात, पण सलग लिहिलेला कागद वाचताना शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही. बहुतेक जण तिथे सोडतात, म्हणून तिला दोन हप्ते दे.

पैशांचंही तसंच. लाखभराच्या सहलीला ३३ महिन्यांत दरमहा सुमारे ३,०३० रुपये पडतात. इथे मुहूर्त म्हणजे आवर्ती ठेव उघडायचा दिवस, विमानात बसायचा नव्हे.

मुहूर्त, मुहूर्त करून मी कान किटवतो, ठाऊक आहे. हटवादी म्हण हवं तर. पण अर्धवट राहिलेली कुठलीही यादी उघडून बघ, मुदत ठळक अक्षरात असते आणि पहिल्या कामाची तारीख कुठेच नसते. आणि चुकला मुहूर्त तर? त्याच आठवड्यातला दुसरा दिवस लिही. तीनदा चुकला तर ती गोष्ट तुला नकोच आहे. रेघ मार, वाईट वाटून घेऊ नकोस.

पहिल्या चार ओळी तारखांसकट रविवारपर्यंत पाठव.

ता. क. ‘मिसळ खाणे’ ही यादीतली ओळ नव्हे. उद्या सकाळी जाऊन खा.