नाटकात मुरलेला नट कॅमेऱ्यासमोर भडक का वाटतो?

मुख्य कारण अंतर. नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत भाव पोचवायचा म्हणून नट आवाज आणि हातवारे मोठे ठेवतो. क्लोजअपमध्ये त्याचाच चेहरा अख्खा पडदा व्यापतो, आणि तिथे नुसती उचललेली भुवईही जास्त होते. मी लघुपटांच्या संकलनाला बसतो, तेव्हा हे सतत दिसतं. कापाकापीत बहुतेक वेळा वाचतो तो समोरच्याचं ऐकतानाचा चेहरा, वाक्य फेकतानाचा नव्हे. म्हणून शॉटआधी कॅमेरामनला बिनधास्त विचारा, फ्रेम कुठपर्यंत आहे? छातीपर्यंत असेल तर हात विसरा, डोळे सांभाळा. आणि वाइड शॉटमध्ये ज्या शब्दावर कप उचललात, त्याच शब्दावर क्लोजअपमध्येही उचला, नाहीतर शॉट जुळत नाहीत आणि तुमचा उत्तम टेक वाया जातो.

मात्र नाटकाचा अनुभव हा अडसर आहे असं अजिबात समजू नका. निळू फुले लोकनाट्यातून आले, तरी 'सिंहासन' (१९७९) मधला त्यांचा पत्रकार दिगू टिपणीस बराचसा नुसता बघतो आणि ऐकतो. तेवढ्यावर त्यांनी ती भूमिका पेलली आहे. एकदा फक्त त्यांच्या नजरेकडे लक्ष ठेवून बघाच.